माझं जलन

परवा सुलूने आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर तंबू ठोकला. ठोकला म्हणजे काय, पिशवीतून काढला, झटकला आणि तो फट्कन आपोआप फुलला. खुंट्या नाहीत, सुतळ्या नाहीत, "अगो, बांबू धर नीट" म्हणून कुणी ओरडायला नको. सुलू माझी धाकटी बहीण. लग्न झाल्यापासून पुण्याला असते. नाताळच्या सुट्टीत लेकीला घेऊन आईला भेटायला आली, आणि येताना हे लाल-निळं प्रकरण घेऊन आली.

"रियाला कॅम्पिंग करायचंय, ताई," ती म्हणाली. "म्हटलं, चल, आजीकडेच करू. आपण नाही का थंडीत खळ्यात राहायचो?"

आपण! मी कणीक मळत होते, ती जरा जास्तच जोरात मळली गेली. खळ्यातल्या थंडीबद्दल हिने बोलावं? जिने तिथले सगळे हिवाळे आईच्या कुशीत, कानाला मफलर बांधून काढले, तिने? थंडी मी काढली. थंडीच्या गोष्टी सांगायचा मान माझा.

हो, जळते मी सुलूवर. ती पाळण्यात होती तेव्हापासून जळते आणि केस पांढरे व्हायला लागले तरी जळते. वय झालं की लोक म्हणतात, आता कशाचं काही वाटत नाही. मला वाटतं बाई.

गच्चीवर गेले तर वारा सुटला होता. आमच्या वसईकडच्या नायगाव पूर्वेला हल्ली इतके टॉवर झालेत की वाऱ्यालाही वाट शोधत यावं लागतं. पण इतक्या उंचावर तो अजून ओळखीचा आहे, खाडीवरून येणारा, चिखलाचा आणि मिठाचा वास घेऊन येणारा. कठड्याशी उभी राहून खाली पाहिलं. जिथे सोसायटीच्या गाड्या लागतात तिथे आमचं खळं होतं. आई म्हणते ट्रान्सफॉर्मरच्या पेटीपाशी, मी म्हणते त्याच्या बरंच अलीकडे. जमीन कशी गेली ते सांगत बसत नाही. गेली. तिच्यावर ही बिल्डिंग उभी राहिली आणि तिच्यातला एक फ्लॅट आमच्या वाट्याला आला. बाबा गेल्यावर मी आणि माझा नवरा आईपाशी येऊन राहिलो. नवरा सातिवलीच्या एका गोडाऊनमध्ये असतो, दिवसभर घरात आई आणि मी.

वाऱ्याचा तो वास नाकात गेला आणि मी गेलेच.

गाव आमचं वरच्या अंगाला आणि शेतं खाली खाडीला लागून, बांधाच्या आत. दिवाळीच्या आगेमागे भात कापायचं, वाळवायचं, भारे बांधून खळ्यात रचायचे आणि मग झोडणी संपेपर्यंत अख्ख्या घराने तिथेच मुक्काम हलवायचा. घराला कुलूप. भांडी, तांदळाच्या पिठाचा डबा, सुक्या बोंबलांची पिशवी, कंदील, आमची दप्तरं, सगळं डोक्यावर. का जायचं असं कुणी विचारत नव्हतं. भात उघड्यावर आहे, मग माणसांनीही उघड्यावर राहायचं, इतकं ते सरळ होतं.

बाबा चार बांबू रोवून वर झावळ्या टाकायचे. तीन बाजूंना भाऱ्यांची भिंत, चौथी बाजू उघडी. खाली गुडघाभर पेंढा. नव्या पेंढ्याचा वास ज्याने घेतला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. गोडसर, थोडा ओला, थोडा धुळीचा. पहिल्या दिवशी पेंढा अंगाला इतका खाजायचा की आम्ही दोघी रडकुंडीला यायचो. मग त्यावर आईची गोधडी पडायची. दोन-दोन गोधड्या जोडून आईने त्या लांबच लांब केल्या होत्या, फक्त खळ्यासाठी. अंथरायला एक, पांघरायला एक. आईची लुगडी, बाबांचे लेंगे, आम्हाला आखूड झालेले झगे, सगळे त्यांच्यात शिवलेले. माझा एक पिवळा झगा नेमका सुलूच्या डोक्याशी यायचा, आणि ती तो गालाखाली घेऊन झोपायची. माझा झगा!

दिवसभर खळ्यात झोडणीचा आवाज. भाऱ्यातली पेंढी उचलायची आणि फळीवर आपटायची, धप्, आणि पाठोपाठ दाणे सांडल्याचा सर्र आवाज. धप्, सर्र. धप्, सर्र. आईचा हात बाबांपेक्षा भरभर चालायचा. दुपारी वारा पडला की सगळे थांबायचे, वारा उठला की आई सूप डोक्यावर धरून भात वारवायची आणि भुसा सोन्याचा होऊन उडायचा. तो आईच्या भुवयांवर, पापण्यांवर बसायचा. शाळेतून आले की मी बांधावरून आधी तिला शोधायची. सुलू कुठे आहे ते शोधावं लागत नसे, ती आईच्या पायाशीच असायची.

"तुमच्या वसईत कसली गं थंडी!" असं माझ्या वर्गातली वैशाली म्हणायची. तिचे वडील नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले, स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायचे. तिच्या गावी म्हणे खोबरेल तेल बाटलीतून काडीने काढावं लागायचं. अगं, ते आमच्याकडेही गोठायचं! आणि तिची थंडी चार भिंतींच्या आतली. भरल्या खाडीच्या काठावर झावळ्यांखाली निजून बघ म्हणावं. पहाटे झावळ्यांतून दंव टपटपायचं, गोधडीची वरची बाजू ओली व्हायची, केसांना हात लावला तर थेंब. खाडीवरून धुकं बांध ओलांडून आत यायचं आणि भाऱ्यांची रास दिसेनाशी व्हायची. तिवरांत कोल्हे ओरडायचे. पल्याडच्या चर्चची पहिली घंटा अगदी उशाशी वाजल्यासारखी यायची. तोवर आई उठलेली असायची. तिच्या पातीच्या चहाचा वास आला की मगच आम्ही डोकी बाहेर काढायचो.

संध्याकाळी शेकोटी. अंगावरचा भुसा झटकला की बाबा बांधाच्या पलीकडे जाळ करायचे. पलीकडे, कारण खळ्यात विस्तव न्यायचा नाही हा त्यांचा कायदा होता. चहूकडे पेंढा आणि मधे वर्षाचं भात, एक ठिणगी पुरे. म्हणून चूल बांधापलीकडे, कंदील खांबाला उंच, आणि विडी ओढायची तर बाबा स्वतःसुद्धा पाण्याच्या कडेला जायचे. शेकोटीत तिवराची सुकी फाटी घालायची. लाकडाला आमच्या गावात फाटी म्हणतात. सोबत करवंट्या आणि शेणी. तिवराचं लाकूड धुरकट जळतं आणि त्याच्या धुराला मिठाचा वास येतो. निखाऱ्यावर बोंबील भाजायचे, राखेत रताळी पुरायची. तोंडं भाजायची आणि पाठी गारठायच्या, मग सगळे पाठ करून बसायचे. जेवणं झाली की बाबा उठायचे आणि कळशीभर पाणी त्या निखाऱ्यांवर ओतायचे. चर्र आवाज व्हायचा, ओल्या राखेचा वास सुटायचा.

"चला," ते म्हणायचे, "इस्तव झोपला. आता आपन झोपायचं."

आणि मग उजाडेपर्यंत दुसरी ऊब नाही. जी काय ती एकमेकांच्या अंगाची. घरी कुणी कुठेही लवंडलं तरी चालायचं, खळ्यात मात्र कुणी कुठे झोपायचं ते आई ठरवायची. उघडी बाजू उत्तरेला, वारा तिथून, म्हणून त्या कडेला बाबा. आतल्या कडेला, भाऱ्यांच्या भिंतीशी आई. मधे आत्या, म्हणजे बाबांची बहीण. एकटीच होती बिचारी, झोडणीला दरवर्षी यायची, आणि थंडीत तिचे गुडघे आखडायचे. आईला चिकटून सुलू. सुलूची छाती जन्मापासून नाजूक, गारठा लागला की घशातून बारीक शिट्टी वाजायची, तेव्हा तिची जागा कायमची. घरात एकच मफलर, बाबांचा, लाल, तोही तिच्या कानाला.

आणि मी? मला जागाच नव्हती. हेच तर दुखणं. रोज संध्याकाळी आई गोधडी झटकायची, सगळ्यांकडे एकदा बघायची आणि हुकूम सोडायची. "आज जलन आत्याकडं." "आज जलन सुलूच्या पाठीशी, तिची छाती वाजते." "आज जलन त्या कडेला, तुज्या बापाकडं. वारा हाय." जलन म्हणजे मी. बारशाचं नाव वेगळं, शाळेत तेच, पण खळ्यात आई मला जलन म्हणायची. "जलन माजं ते," असंही म्हणायची कधी कधी. आणि पाटासारखी उचलून हवं तिथे मांडायची.

मला काय हवं होतं? आईच्या शेजारची जागा. दुसरं काही नको होतं. झोपताना आई आपले गार पाय सुलूच्या पोटऱ्यांना लावायची. दिवसभर ओल्या जमिनीवर उभे राहिलेले पाय. सुलू किंचाळायची, "आय, बर्फ! नको ना गो!" आणि आई खुदकन हसायची. पांघरुणाखालचं ते हसू मी आत्याच्या पलीकडून ऐकायची आणि अंगाचा तिळपापड व्हायचा. मेली, नको म्हणते! मला लाव की. मी हूं की चूं केलं नसतं.

लहान होते तोवर जलन हे मला नुसतं लाडाचं नाव वाटायचं, बबडी, छकुली म्हणतात तसं. लाडाच्या नावाचा अर्थ कोण शोधतं? तो वैशालीने दिला. एकदा ती नवा स्वेटर घालून शाळेत आली. पांढरा, पुढे लोकरीचा ससा. मी त्या सशाकडे बघतच राहिले, तर सगळ्या वर्गासमोर ती हसून म्हणाली, "क्या? जलन होती है क्या?" त्यांच्या बिल्डिंगमध्ये पोरं हिंदीतच भांडायची.

"जलन म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे जळतेस तू. माझ्यावर. जळकुकडी!"

त्या दिवशी बांधावरून चालताना मी आईला शोधलं नाही. तिला सगळं ठाऊक होतं तर! मी सुलूकडे कशी बघते, मफलरकडे कशी बघते, ते हसू ऐकून कशी कुढते, सगळं तिला दिसत होतं. आणि अख्ख्या खळ्यासमोर, झोडणीला आलेल्या बायकांसमोर ती मला त्याच नावाने हाका मारत होती. आज जळकुकडी आत्याकडं. आज जळकुकडी सुलूच्या पाठीशी. कानशिलं अशी तापली की थंडी वाजायची थांबली.

आईला विचारलं नाही. विचारणार काय? मी खरंच जळते का? ते मला माहीत होतं. मी म्हटलं, नाव ठेवलंच आहे तर नावाला जागू. मग मी मनापासून, जीव लावून जळायला लागले. सुलूच्या वाटचं रताळं मोठं आहे का, तिच्या वेणीला आईने जास्त वेळ दिला का, सगळ्यावर डोळा. पेंढासुद्धा तिला कमी खाजतो असं मला वाटायचं.

मग एक हिवाळा आला. सुलूला शाळेच्या गॅदरिंगमध्ये परी केलं होतं. तालमीसाठी तिला गावातच ठेवली, सोबतीला आत्या. खळ्यात आम्ही तिघंच. त्या दिवशी माझ्या अंगात वारं संचारलं होतं. भांडी घासली, पाणी आणलं, कुणी न सांगता पेंढा वरखाली केला. दिवस मावळायच्या आतच गोधडी अंथरली आणि आईच्या जागेशेजारी माझ्या फ्रॉकची गुंडाळी करून उशी ठेवली. हाताने थोपटली. आई बघत होती. हसली फक्त. म्हणजे होकारच की!

खाडीला भरती होती. बाबा उघाडीकडे गेले होते. उघाडी म्हणजे बांधातली फळ्यांची झडप, तिच्यामुळे खारं पाणी शेतात येत नाही. ती एका अंगाने गळत होती. अंधारून येताना बाबा परत आले ते चिंब. गळ्यापर्यंत चिखल, ओठ काळे, दात कडकड वाजताहेत. फळी बसवायला पाण्यात उतरले होते. आईने घाईघाईने ओले कपडे काढायला लावले, कोरड्या लुगड्याने खसाखसा पुसलं आणि भाऱ्यांच्या आडोशाला बसवून गोधडीत गुंडाळलं. जाळापाशी न्यावं तर बांधावर वारा उभं राहू देत नव्हता. बाबांचं थरथरणं काही थांबेना. इतका मोठा माणूस असा थरथरतो हे मी पहिल्यांदा बघत होते.

आई वळली. तिने माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आणि मी आधीच नको नको म्हणून मान हलवायला लागले.

"जलन, इकडं ये."

"आय, आज मी तुज्याकडं..."

"ये बोलते ना! बेगी!"

तिने मला बखोटीला धरून गोधडीत घातलं, बाबांच्या छातीला पाठ लावून. "घ्या," त्यांना म्हणाली, "जलन घट धरून बसा." बाबांचे हात माझ्याभोवती आले, मासळीसारखे गार. त्यांच्या केसांतून खाडीचं पाणी माझ्या मानेवर ठिबकत होतं. मी हुंदके देऊन रडत होते. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. बाबांना वाटलं, पोर आपल्यासाठी रडते. "रडू नको पोरी, मी बरा हाय," असं म्हणत राहिले. हळूहळू दातांचा आवाज थांबला. त्यांची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकली आणि ते तसेच बसल्या बसल्या झोपले. माझ्या फ्रॉकची गुंडाळी आईच्या शेजारी तशीच राहिली, सकाळी उचलली तेव्हा दंवाने भिजली होती.

दुसऱ्या संध्याकाळी सुलू आली, चंदेरी कागदाचे पंख लावून. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मग पंख काढून ती आपल्या जागेवर जाऊन झोपली.

त्यानंतरही काही हिवाळे खळ्यात गेले. मग एका वर्षी झोडायला यंत्र आलं, एका वर्षी भातच लावलं नाही, एका पावसात बांध फुटला तो कुणी बांधला नाही. आपली शेवटची झोडणी होऊन गेली हे आम्हाला फार उशिरा कळलं, नाहीतर मी पेंढ्याची एक जुडी तरी जपून ठेवली असती. गोधड्या उंदरांनी खाल्ल्या. कंदील भंगारात गेला. आत्या गेली, मग बाबा गेले. लाल मफलर सुलूच्या लग्नात सुलूच्या बॅगेत गेला. माझ्या लग्नात त्या मफलरची कुणाला आठवणही झाली नव्हती.

तर परवाची संध्याकाळ. आई हट्टाने गच्चीवर आली. लिफ्ट वरपर्यंत जात नाही, शेवटचा जिना ती माझा खांदा धरून चढली. सुलूचा बेत झोकात होता. चेन लावायच्या झोपायच्या पिशव्या, थर्मास, आणि एका घमेल्यात कोळसे. तेवढ्यात वॉचमन धापा टाकत वर आला. "मॅडम, ऊपर आग नहीं जलाने का. सेक्रेटरीसाब मेरेको बोलेंगे." कोळसे पिशवीत परत गेले. रियाचं तोंड एवढंसं झालं.

"मम्मा, फायरशिवाय कसलं कॅम्पिंग?"

आई हसायला लागली. "खल्यात पन इस्तव नसायचा गो बाय. तुजा आजोबा पानी ओतायचा त्याच्यावर."

ऊन उतरलं तसा वारा वाढला. आईचे हात गार पडले. सुलूने लगेच गरम पाण्याची पिशवी काढली, खास आईसाठी आणलेली, तिला लोकरीचं कव्हरसुद्धा. आई राहते माझ्यापाशी आणि पिशवी सुचते हिला! माझा जळफळाट झाला. त्यात तिने बॅगेतून लाल मफलर काढला. बाबांचाच. विरलेला, पण लाल. आणि रियाच्या कानाला बांधला. म्हणजे पुढच्या पिढीतही तो तिकडेच गेला. मी दात आवळून खाडीकडे बघत राहिले.

आईने पिशवी बाजूला सारली. "ही नको. थंड होते मेली घटकाभरात." मग मान वळवून मला शोधायला लागली. "माजं जलन कुटं हाय?"

सुलू फिस्सकन हसली. रियाने विचारलं, "जलन? आजी, जलन म्हणजे जेलसी ना?"

इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. "हो," मी म्हणाले, "जेलसीच. तुझ्या आजीने ठेवलेलं नाव आहे माझं. सगळ्या गावासमोर हाक मारायची, आता तुझ्यासमोर मारते. मार आय, मार. जळकुकडीच म्हण ना सरळ! जळतेच मी. काय करशील?"

पुन्हा बघायला आलेला वॉचमन जिन्यात थबकला. आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

"काय बोलतंस गो? जलन म्हंजे फाटी."

"फाटी?"

"फाटी. चुलीत घालतात ती. माज्या म्हायेरी जलन बोलतात. लगीन होऊन आले नि बोलले, जलन आनते, तर तुजी आत्या नि माजी सासू पोट धरून हसल्या. यांच्यात फाटी. मग मी पन फाटीच बोलाया लागले. म्हायेरचा तेवडा एक शबुद ऱ्हायलेला, तो तुज्यावर ठेवला." ती दम घ्यायला थांबली. "तुजं अंग कसं गरम असायचं तुला काय म्हाईत? जल्मल्यापासून. तव्यावानी. खल्यात इस्तव न्यायचा नाय, मग जलन कुटलं? तूच. ज्याला जास्त थंडी त्याच्याजवल तुला घालायची. तुजा बाप त्या दिवशी कोनामुले उठून बसला? जल्लं मेलं, येवडं पन कलत नाय?"

मी उभीच. पानी म्हटलं की मला पाणी कळायचं, डोला म्हटलं की डोळा. तिच्या ण चा न होतो आणि ळ चा ल, हे मला उठल्या-बसल्या ऐकून ठाऊक. मग जलन तेवढं जळण आहे हे कसं ऐकू आलं नाही? वैशालीची ती जलन, आईचं ते जलन. जलन माजं, म्हणायची ती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. माझं एवढं जळलं आणि मलाच कळलं नाही.

डोळे भरून आले ते वाऱ्याने, असं मी सुलूला सांगितलं. सुलू तोंड फुगवून म्हणाली, "मला नाही कधी असलं नाव ठेवलंस, आय."

काय सांगू, इतकं बरं वाटलं मला ते ऐकून!

आई गुडघ्यांवर हात ठेवत तंबूत शिरली आणि झोपायच्या पिशव्या उसवल्यासारख्या उघड्या करायला लावल्या. "एकेकट्यानं पिशवीत काय झोपायचं? भाजी हाय का आपन?" मग पहिल्यासारखीच सगळ्यांकडे बघून जागा ठरवायला लागली. "सुलू, तू तिकडं. नि ही पोर..." तिने रियाचा हात धरला आणि थांबली. दुसरा हात तिच्या मफलरखाली मानेला लावला. "अगो बाय! हिचं अंग बघा कसं हाय! ही पन जलन हाय गो! ये, ये, तू इथं माज्याजवल..."

"नाही," मी म्हणाले.

तिघी माझ्याकडे बघायला लागल्या. पोर माझी सख्खी भाची, गालाला खळी, आणि जीव आहे माझा तिच्यावर. पण मला माझं नाव मिळून थर्मासमधला चहासुद्धा ओतून झाला नव्हता. मफलर घे. माझा पिवळा झगा घेतला, घे. परीचे पंख घे. हे नाही.

"रिया, तू तुझ्या आईजवळ," मी म्हटलं. "तिची छाती नाजूक आहे, तिला ऊब लागते." आणि कमरेतून कळ आली तरी वाकून आत शिरले, पोरीला उचलून पलीकडे मांडली, पाटासारखी, आणि आईच्या शेजारी आडवी झाले. "आणि या घरात जलन एकच."

तंबूचं कापड वाऱ्याने फडफडलं. आई खुदकन हसली, तेच पांघरुणाखालचं हसू, आणि या वेळी मधे आत्या नव्हती.

"बघ," ती सुलूला म्हणाली, "पेटलं."

आणि आपले गार पाय तिने माझ्या पोटऱ्यांना लावले. बर्फ होते नुसते. मी हूं की चूं केलं नाही.